खालच्या दोन ओळी

उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून निघणाऱ्या एका साप्ताहिकात मी चार वर्षं काम केलं. काळ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. त्यातलं एक सदर माझ्याकडे होतं. दर आठवड्याला एक प्रश्न घ्यायचा, चार माणसांना विचारायचा आणि त्यांची मतं नाव, वय, काम आणि वस्तीसह चौकटीत छापायची. प्रत्येकाला आठ ओळी. चौकट ठरलेली होती, तिच्यात नववी ओळ बसत नसे.

प्रश्न साधे असत. केबल टीव्ही आल्यापासून मुलांचा अभ्यास बुडतो का? नगरसेवक पुन्हा निवडून यावा का? मिक्सरमधल्या चटणीला पाट्यावरच्या चटणीची चव येते का? लोक पटकन बोलत. कापडाच्या दुकानातला एक सिंधी व्यापारी केबलबद्दल म्हणाला होता, "वायर माझ्या गच्चीवरून जाते, पैसे दुसरा घेतो, आणि बायको मला विचारते की तुम्ही घरी असता तेव्हा रिमोट कुठे असतो!" निवडणुकीबद्दल एका रिक्षावाल्याचं मत होतं, "आपल्याला काय, जो येईल तो खड्ड्यातूनच येणार ना?" बदलापूरच्या बाजारात रानभाजी विकायला आलेल्या, बारवी धरणाकडच्या पाड्यावरच्या एका बाईला मी विचारलं, रेडिओ बरा की टीव्ही. ती म्हणाली, "आधी लाइट तं येवंद्या गो बाय. धरान आमच्या उशाला, नि दिवं तुमच्या घरात." हे उत्तर मी छापलं. पुढच्या आठवड्यात त्यावर कोणी काही बोललं नाही.

साप्ताहिकाचे मालक आणि संपादक एकच होते. साठीचे सिंधी गृहस्थ. फाळणीनंतर लहानपणी छावणीत आलेले. मराठी वाचत, पण बोलताना अर्धं हिंदी वापरत. त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. पुढच्या खोलीत ऑफिस होतं, मागच्या खोलीत छापखाना. खिळे जुळवणारा एक म्हातारा जुळारी आणि यंत्रावर एक माणूस, एवढीच मंडळी. त्याआधी मी मुंबईच्या एका दैनिकात सहा महिने उमेदवारी केली होती. तिथल्या मुख्य उपसंपादकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की महत्त्वाचं ते वर लिहायचं, बिनमहत्त्वाचं खाली. जागा कमी पडली तर डोळे मिटून खालून कापता आलं पाहिजे. मी ते शिकले आणि त्याप्रमाणेच काम करत राहिले.

अंबरनाथच्या एका वस्तीत बुद्धविहाराला लागून वाचनालय होतं. रविवारी सकाळी तिथे सात-आठ वर्तमानपत्रं येत. लेथ यंत्रावर काम करणारे एक टर्नर ती मोठ्याने वाचून दाखवत. वय बेचाळीस-त्रेचाळीस, जवळच्याच कारखान्यात सतरा वर्षांची नोकरी, घरी बायको आणि दोन मुली. विहाराच्या पायरीवर बसलेल्यांत कारखान्यातले लोक असत, रेल्वेतले असत, एक-दोन निवृत्त शिपाई असत. हे टर्नर वाचता वाचता मध्येच थांबत आणि बातमीवर आपलं मत देत. मंडळी त्यांना चिडवायला 'संपादक' म्हणत.

त्या आठवड्याचा प्रश्न होता, कम्प्युटरमुळे नोकऱ्या वाढतील की जातील? मी वही घेऊन पायरीवर बसले.

"संपादक, बोला," एक निवृत्त शिपाई म्हणाला. "आज तुमचा नंबर लागलाय. ताई खास तुमच्यासाठी आल्यात."

"माझं काय छापता ताई? इथं शिकलेली माणसं आहेत."

"आता का लाजतोय? एरवी पंतप्रधानाला सल्ला देतोस फुकटात."

"पंतप्रधान ऐकतो कुठं? तरी बरं, तू ऐकतोस."

सगळे हसले. मग ते बोलायला लागले आणि मी लिहून घेतलं. वही अजून माझ्याकडे आहे, म्हणून जसंच्या तसं देते.

"कम्प्युटर वाईट नाही. पण आमच्या खात्यात आता कम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन येतंय. त्याच्यावर दोन माणसं पुरतील. आज आम्ही चौदा टर्नर आहोत. मशीन चहा पीत नाही, रजा मागत नाही, संप करत नाही. मग मालक आम्हाला कशाला पोसेल? हे आपलं कॅन्टीनमध्ये बोलतात बरं का ताई. मी काही बघितलेलं नाही, खरं-खोटं मालकाला ठाऊक."

शेवटची दोन वाक्यं त्यांनी उठता उठता, चप्पल पायात घालताना म्हटली. आमच्याकडे माणसं अशीच बोलतात. आधी ठासून सांगतात आणि मग जाता जाता जबाबदारी खाली ठेवतात. हे मला तेव्हाही माहीत होतं.

गुरुवारी जुळाऱ्याने आतून हाक मारली. "ताई, ह्या टर्नरच्या दोन ओळी जास्त होतायत."

मी दुसऱ्या पानाची प्रुफं बघत होते. मान वर न करता म्हटलं, "खालच्या काढा."

"खालच्या काढू?"

"हो."

त्याने काढल्या. मजकूर 'कशाला पोसेल?' या प्रश्नावर संपला. छापून आल्यावर तो आधीपेक्षा चांगला वाटला, हेही नोंदवायला हवं. शेठनी शनिवारी सकाळी अंक हातात घेऊन म्हटलं, "ये टर्नर बढिया बोला. वाक्यात दम आहे."

अंक शनिवारी निघाला. रविवारी टर्नरांनी विहारात स्वतःचं मत स्वतःच मोठ्याने वाचलं. ते मी ऐकलं नाही, नंतर कळलं. शेवट गाळला आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. नाव छापून आल्याचा आनंद होता आणि जागा कमी असते हे ते जाणून होते.

सोमवारी पहिल्या पाळीला कारखान्याच्या फाटकावर तो अंक हातोहात फिरला. यंत्र खरोखरच येणार होतं. व्यवस्थापनाने ते कामगारांपासूनच नाही, युनियनपासूनही लपवलं होतं. पहिल्या पाळीतले लोक तासभर आत गेले नाहीत. मॅनेजर बाहेर आला आणि बोलणी करतो म्हणाला, मग लोक आत गेले. दुपारी या टर्नरांना केबिनमध्ये बोलावलं आणि सस्पेन्शनचं पत्र हातात दिलं. आरोप दोन होते. कंपनीची गोपनीय माहिती वर्तमानपत्राला दिली आणि खोडसाळपणे कामगारांना चिथावलं. आदल्याच आठवड्यात ते एक ड्रॉइंग घेऊन वरच्या ऑफिसात गेले होते. तिथल्या टेबलावरचे कागद त्यांनी पाहिले असणार, असा व्यवस्थापनाचा निष्कर्ष होता.

त्यांनी कोणतेही कागद पाहिले नव्हते. कॅन्टीनमध्ये जे सगळे बोलत होते तेवढंच त्यांना माहीत होतं. छापलेल्या आठ ओळींमधून मात्र तसं दिसत नव्हतं.

मंगळवारी ते साप्ताहिकाच्या ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, हातात प्लास्टिकच्या पिशवीत पत्र होतं. मी ते वाचलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "ताई, शेवटचं माझं वाक्य होतं ना तुमच्याकडं?"

"आहे. वहीत आहे."

"मग झालं. मी म्हटलं होतं की कॅन्टीनमध्ये बोलतात. तेवढं पुढच्या अंकात छापा. चौकटीत नको, कुठंही कोपऱ्यात चालेल. मला ते चौकशीत दाखवता येईल."

मी शेठकडे गेले. शेठनी पत्र वाचलं, चष्मा काढला. त्या कारखान्याची दिवाळी अंकातली पूर्ण पानाची जाहिरात आमच्याकडे येत असे, पण शेठ त्याबद्दल बोलले नाहीत. ते म्हणाले, "बेटा, छापलेलं खोटं आहे का?"

"खोटं नाही. अपुरं आहे."

"अपुरं तर सगळंच असतं. आठ ओळींत पूर्ण काय येणार? खुलासा छापला तर लोक म्हणतील पेपरने गडबड केली. मग उद्या कोणीही येऊन म्हणेल, मी असं बोललोच नव्हतो. नाही छापायचं." पत्र माझ्या हातात परत देत म्हणाले, "तुला चौकशीत बोलावलं तर जा. मी अडवत नाही. पण जितना पूछा, उतना बोलना. वही न्यायची नाही, ती पेपरची आहे."

मी बाहेर येऊन टर्नरांना सांगितलं की खुलासा छापणार नाहीत, पण मी साक्षीला येईन. ते म्हणाले, "तुम्ही स्वतः आलात तर मग कागद कशाला पाहिजे? चहा घेणार का? मी पाजतो." आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. त्यांनी मोठ्या मुलीबद्दल सांगितलं. ती बारावीला होती आणि तिला नर्सिंगला घालायचं होतं. नोकरी गेली तर ती घरी बसणार होती. हे त्यांनी साध्या माहितीसारखं सांगितलं आणि लगेच विषय बदलला. टपरीवाल्याचा रेडिओ लागला होता. "रेडिओ बरा," ते म्हणाले, "हातातलं काम थांबत नाही." मी हे लिहून घेतलं नाही.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली. कारखान्याच्या टाइम ऑफिसच्या मागे एक खोली होती. कंपनीने नेमलेला चौकशी अधिकारी वकील होता. बाजूला टंकलेखक बसला होता. टर्नरांच्या वतीने बोलायला युनियनचा एक पदाधिकारी होता. युनियनला यंत्राची पक्की बातमी साप्ताहिकातून कळली होती, त्यामुळे युनियनचीही शोभा झाली होती, आणि तो पदाधिकारी टर्नरांकडे फारसं बघत नव्हता. टर्नरांनी त्याला सांगून ठेवलं होतं की ताईंना एवढंच विचारा, मी आणखी काय बोललो होतो.

वही मी नेली होती. खांद्याच्या कापडी पिशवीत होती. शेठना सांगितलं नव्हतं.

अधिकाऱ्याने अंक समोर ठेवला. "हा मजकूर तुम्ही लिहिला?"

"हो."

"यातलं प्रत्येक वाक्य यांनी उच्चारलेलं आहे?"

"हो."

"तुम्ही पदरचं काही घातलंय?"

"नाही."

"शब्द बदललेत?"

"नाही."

टंकलेखक एकेक उत्तर टाइप करत होता. मग युनियनच्या पदाधिकाऱ्याला उलटतपासणी करायला सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "मॅडम, यांनी हे हसत-हसत सांगितलं की सीरियसली?"

"हसत-हसत."

"बस्स," तो म्हणाला आणि बसला.

टर्नर त्याच्याकडे वाकून काहीतरी कुजबुजले. त्याने मान हलवली, पुन्हा उठला नाही. मग टर्नरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती नव्हती. मी आता सांगणारच, एवढीच खात्री होती.

टंकलेखकाने कागद काढण्याआधी अधिकाऱ्याने शेवटचा प्रश्न विचारला. तो सगळ्या साक्षीदारांना विचारला जातो. "आणखी काही सांगायचं आहे?"

मी म्हटलं, "नाही."

त्याचं कारण मी अनेकदा शोधलं आहे. शेठची भीती होती. महिन्यापूर्वी मुंबईच्या त्या दैनिकाने मला परत बोलावण्याची तयारी दाखवली होती. एका माणसाच्या तोंडचा शेवट मी न वाचता कापला, हे टाइप होऊन माझ्या सहीखाली राहणं मला नको होतं. आणि मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं मी खरं उत्तर दिलं आहे, असंही त्या क्षणी वाटलं. यातलं नेमकं कोणतं कारण, हे मला सांगता येत नाही. सगळी मिळून पाच-सहा सेकंदं लागली असतील. मी सही केली. माझ्या सहीखाली टर्नरांनीही, वाचून, सही केली.

बाहेर फाटकापाशी ते म्हणाले, "ताई, तुम्हाला विचारलंच नाही त्यांनी."

त्यांनी माझ्यासाठीही एक सबब शोधून ठेवली होती.

दोन महिन्यांनी त्यांना बडतर्फ केलं. यंत्र त्याच वर्षी बसलं. पुढच्या वर्षी बाकीच्या तेरा टर्नरांपैकी अकरा जणांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवलं. हिशेब करून धनादेश दिले, फाटकावर नारळ दिला. यांचा निकाल गैरवर्तनाचा असल्यामुळे यांना काही मिळालं नाही. नारळसुद्धा नाही. मुलगी नर्सिंगला गेली नाही. उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात तिने बटणं लावायचं काम धरलं. ते स्वतः त्याच भागात शिलाई यंत्रं दुरुस्त करत फिरायला लागले.

मी मुंबईच्या दैनिकात गेले, राहायला मात्र आधीसारखीच बदलापूरला राहिले. टर्नरांनी कामगार न्यायालयात दावा लावला होता, तारखा पडत होत्या. हे मला काही वर्षांनी विहारातल्या त्या निवृत्त शिपायाकडून कळलं. तो बदलापूर स्टेशनवर भेटला आणि म्हणाला, "संपादक हल्ली येत नाही विहारात. म्हणतो वेळ नसतो. वेळ कसला, येरवाळी, दिवस मावळायच्या आतच घरी असतो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या त्या पेपरमुळं गेला बिचारा. पण तुम्ही काय करणार, तुम्ही खरंच छापलंत."

त्यानंतर मी टर्नरांच्या घरी गेले. वही दाखवली आणि न्यायालयात प्रतिज्ञापत्र देते म्हणाले. त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "तेव्हा वही हरवली होती का?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्याकडेच होती."

स्टोव्हला पंप मारण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. टर्नरांनी पान वाचलं, एकदाच. "तारीख पुढच्या महिन्यात आहे," ते म्हणाले. "वकिलाला सांगतो."

न्यायालयात मी सगळं सांगितलं. काय म्हटलं गेलं, काय कापलं, का कापलं. त्यांच्या वकिलाने वही दाखल केली. मग कंपनीचा वकील उठला. तो तरुण होता, आवाज न चढवता बोलत होता. त्याने चौकशीतला टाइप केलेला कागद माझ्यापुढे धरला.

"ही सही आपली?"

"हो."

"'आणखी काही सांगायचं नाही', हे उत्तर आपलं?"

"हो."

"त्या दिवशी ही वही अस्तित्वात होती?"

"होती."

"कुठं होती?"

"माझ्या पिशवीत."

"म्हणजे त्याच खोलीत?"

"हो."

त्याने वही फिरवून ते पान न्यायाधीशांकडे सरकवलं. मजकूर पेन्सिलीने लिहिलेला होता. वादातली दोन वाक्यं पानाच्या अगदी तळाशी होती, त्यांच्याखाली जागा संपत होती. पान भरत आल्यामुळे मी अक्षर बारीक केलं होतं. "ही वाक्यं नंतर लिहिलेली नाहीत, हे आपण कशावरून सांगता?" त्याने विचारलं.

"मी सांगते म्हणून," मी म्हटलं.

"आपण सांगता म्हणून," तो म्हणाला आणि बसला.

जिन्यावरून उतरताना टर्नर माझ्यापुढे दोन पायऱ्या होते. केस पांढरे झाले होते. खाली आल्यावर थांबले आणि म्हणाले, "ताई, एक विचारू? राग नाही ना?"

"विचारा."

"त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. मी त्यांना जे वर लिहिलं आहे ते सांगितलं. शेठ, मुंबईची नोकरी, सही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मला वाटलं, तुम्हाला ते वाक्य महत्त्वाचं वाटलं नसेल," ते म्हणाले. "त्याचं मला काही वाटलं नसतं. पण तुम्हाला कळलं होतं, आणि तरी. बरं. जाऊ द्या. मला कामाला जायचंय, दुरुस्तीची दोन मशीनं पडलीत."

ते रस्ता ओलांडून गेले.

निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. वही परत घेताना त्याची प्रतही मी मागवून घेतली. तिच्यात माझ्या साक्षीवर एक परिच्छेद आहे. या साक्षीदाराला पहिल्या संधीला सत्य सांगण्याची पूर्ण मोकळीक असताना तिने ते सांगितलं नाही, म्हणून तिच्या आताच्या सांगण्यावर विसंबता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. तो परिच्छेद मी उपसंपादकासारखा वाचला. त्यात एकही शब्द जास्त नाही आणि एकही चूक नाही.